राजाक्कांची पोथी

राजाक्का ओट्यावर पुस्तक उघडून बसल्या की येणारे-जाणारे चपला काढून हात जोडायचे. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं जवळपास कोणी उरलेलं नाही. त्यामुळे देवनागरीत छापलेलं ते सगळं पोथीच, अशी सगळ्यांची बालंबाल खात्री! राजाक्का वाचत मात्र भुताखेतांच्या कादंबऱ्या. पुण्याची भाची टपालानं पाठवायची.

"असलें अभद्र कशास वाचतां?" मी एकदा विचारलं.

शाळेतून निवृत्त होऊन एकट्या राहणाऱ्या राजाक्का चष्मा पुसत म्हणाल्या, "पुस्तकांतलें भय बरें गे. मिटून ठेवितां येतें. पोटांतलें कोठें ठेवायचें?"

आई खाटेला खिळली तेव्हा मला हे कळलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आईला ते ठाऊक होतं. पण ती बोलू लागली की आम्ही तिला गप्प करायचो, "अय्यो, कांहीं होत नाहीं!" तिरुवैयारूच्या मामानं राजाक्कांना पोथी वाचायला सांगितलं. त्या आल्या त्या हातातलं पुस्तक घेऊनच. गोष्टीतल्या बाईच्या घरात एके दिवशी नवंच दार दिसू लागतं, आणि दाराआड कुणीतरी केर काढत असतं. मी धसकून आईकडे पाहिलं. ती कोपरावर रेलून ऐकत होती.

"तीस भय वाटत असेल, नाहीं?" आईनं विचारलं.

"वाटतें तर."

"मलाही वाटतें, राजाक्का."

राजाक्कांनी तिला गप्प केलं नाही. "वाटणारच," म्हणाल्या आणि तिचा हात धरून बसल्या. मग आई रोज दुपारची वाट पाहू लागली. दाराआड कोण, ते आधीच सांगा म्हणून हट्ट धरायची. राजाक्का काही बधायच्या नाहीत.

शेवटचं प्रकरण राहिलं आणि आई गेली.

तेराव्याला मामा म्हणाला, "अक्का, पोथी अपुरी ठेवूं नये." राजाक्कांनी रिकाम्या खाटेशी बसून खुणेचं पान उघडलं. हात जोडून बसलेल्या पाहुण्यांचे हात हळूहळू खाली आले, पण उठलं कोणी नाही. दाराआड कोणीच नव्हतं. झाडलेली खोली, घातलेलं अंथरूण, उशाशी पाण्याचा तांब्या. बाई आत जाते आणि दार लावून घेते.

पुस्तक मिटून राजाक्का खाटेकडे पाहत म्हणाल्या, "झालें बाई. इतकेंच होतें." तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

देवनागरी मी पुढे त्यांच्याचकडून शिकले. त्यांच्या अखेरच्या आजारात उशाशी वाचायला मीच बसायचे. लोक दारातूनच हात जोडून जायचे.

"भय वाटतें का, अक्का?" मी विचारलं.

"वाटतें. वाच पुढें."