मोहाखालचा जाळ आणि माझा बॉयलर

दोस्तहो, आज जेवणाच्या सुट्टीत गावाकडून, धानोऱ्याहून मायचा फोन आला. मी गुजरातमध्ये एका कारखान्यात कोळशाच्या बॉयलरवर कामाले आहे.

माय म्हणाली, "आज ग्रामसभेत जंगल खात्याचा साहेब आला होता. सरकारनं धूर कमी कराले हवामानाचे नियम नवे केले म्हणे. आता मोहाखाली पाला जाळाचा नाई."

आमच्याकडे मोहाची फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचाले जमीन साफ राह्यते. कधी ती आग जंगलात पसरते, हे खरं आहे. पण मायचे गुडघे गेले. सारा पाला झाडूनं लोटणं तिच्यानं होत नाई.

"मंग तू का म्हटलं साहेबाले?"

"हो म्हटलं. जंगल आपलंच हाय ना बापा. पण तुह्या बॉयलरचा धूर कधी बंद होते?"

फोन ठेवला. सुपरवायझरले विचारलं, तर तो हसला. "धूर घटाने का टारगेट अपने को भी है रे, पर अभी बहुत साल बाकी है."

पाला लोटाले मोहाच्या दिवसांत सुट्टी मागितली आहे. भेटते का, माहीत नाई.

तुम्हीच सांगा, मायले याच मोसमापासून आणि कारखान्याले सावकाश, अशी मुदत कोण ठरवते?