त्यांच्या वतीने दिलेले उत्तर

लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे जाणूनच उतारवयात हे धाडस करतो आहे. वाचकांनी क्षमा करावी.

तेलंगण वेगळे होण्याच्या सुमारास, निवृत्तीनंतर, मी हैदराबादच्या एका कर्करोग रुग्णालयात मराठी रुग्णांसाठी दुभाष्याचे काम करीत असे. नांदेडकडच्या एक बाई तिथे येत. त्यांना केमोथेरपी लागू पडेनाशी झाली होती. एका नव्या औषधाच्या चाचणीत एकच जागा उरली होती. डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारले, "या दर आठवड्याला येऊ शकतील का?"

त्या दिवसांत सारखे बंद पुकारले जात, बसगाड्या अडत. बाईंचा थकलेला चेहरा पाहून मीच म्हणालो, "कठीण आहे. गाव फार लांब आहे." डॉक्टरांनी फाईल मिटली.

बाहेर येताच बाईंनी विचारले, "काय म्हणत होते डाक्टर?" मी सांगितले.

"अहो भाऊ, हितंच हैदराबादेत, काचीगुड्यात लेक दिलीय की माझी! वर्षभर राहिले असते तिच्याकडं. मला इचारायचं तरी!"

मी धावत आत गेलो, तोवर डॉक्टर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी ती जागा भरलेली होती.

त्या औषधाने त्या वाचल्या असत्या का, हे मला ठाऊक नाही. पुढच्या खेपेलाही त्या माझ्याच शेजारी येऊन बसल्या आणि गोळ्यांच्या वेळा माझ्याकडूनच समजून घेतल्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

तुम्ही कधी कुणाला न विचारता त्याच्या वतीने उत्तर दिले आहे का?