तळ्याकाठचा तास

निवृत्तीनंतर मी पनवेलच्या एका वाचकमंडळात जाऊ लागले, ते मागच्या रांगेत बसून ऐकण्यासाठी. गेल्या वर्षी मात्र एका जुन्या कादंबरीवर दहा मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मूल हवे की नको, या प्रश्नाने आतून पोखरली गेलेली आणि आई झाल्यावरही त्यातून न सुटलेली एक स्त्री त्या कादंबरीत आहे.

मला संगणक येत नाही. म्हणून मी वहीतून वाचायचे आणि सुनेने टाइप करायचे, असे ठरले. तिच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. नातेवाइकांनी ‘गोड बातमी’बद्दल विचारले की मी हसून विषय बदलत असे. तिच्याजवळ तर मी तो कधीच काढला नाही, आणि यालाच मी समंजसपणा समजत होते.

नायिकेची बाजू मांडताना मी एक उदाहरण घेतले होते. ओळखीची एक बाई आठ महिन्यांचे बाळ शेजारणीकडे ठेवून, दवाखान्यात जाते असे सांगून, तळ्याकाठी तासभर नुसती बसून राहिली. तिला घरी परतावेसे वाटत नव्हते.

सुनेची बोटे थांबली. “आई, या बाई कोण?”

“मीच,” मी म्हटले.

“म्हणजे ते बाळ आत क्रिकेट बघतंय.”

आम्ही दोघी हसलो. मग ती पडद्याकडे पाहतच म्हणाली, “तुम्ही कधी विचारत नाही. मला वाटायचं, मनातल्या मनात वाट बघताय. मला मूल हवंय की नको, मलाच कळत नाहीये.”

माझ्या भिडस्तपणाचे ओझे सहा वर्षे तिच्यावर होते, हे मला तेव्हा समजले. मी तिला सांगितले, की तिचा निर्णय काहीही झाला तरी मला चालेल आणि नातेवाइकांशी मी बोलेन. भाषणातही ‘ओळखीची बाई’ काढून ‘मी’ घालायला लावले.

भाषण कसेबसे पार पडले. त्याहून अवघड गेला तो नेरे गावच्या नणंदेचा ‘गोड बातमी’ विचारणारा फोन.

“वन्सं, ते दोघं ठरवतील. मूल नको म्हणाले, तरी माझी ना नाही,” मी म्हटले.

“तुला कधीपासून बोलता यायला लागलं गं?” त्या म्हणाल्या.

सुनेचे अजून ठरलेले नाही. मी आजही विचारत नाही. पण का विचारत नाही, ते आता तिला ठाऊक आहे.