सरांची दहाची अट

त्या सकाळी वहिनींचा, गायकवाड सरांच्या पत्नीचा, फोन आला. "सर गेले," एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होत आला... पण खरं सांगतो, दुःख व्हायच्या आधी मला भीती वाटली. डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की आता आम्ही नऊच उरलो.

गायकवाड सर माझे शेजारी आणि शाळेतले वडीलधारे सहकारी. चाळीसेक वर्षांपूर्वी लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, आमच्या औशात त्याचा गुलाल अजून धुतला नव्हता, तोवर दुष्काळ पडला. आमच्या बौद्ध गल्लीतलं एकेक घर कुलूप लावून पुण्या-मुंबईकडे निघालं. नेमकी तेव्हाच शिक्षकांची दक्षिणेची सहल निघाली. टँकरच्या रांगेशेजारून आम्ही बॅगा घेऊन चाललो, तेव्हा बायकांनी आम्हाला पोटभर शिव्या दिल्या.

कोचीनला एका म्हाताऱ्या गाइडने ज्यू लोकांची जुनी गल्ली पायी फिरवून दाखवली. बंद दारांवर हात ठेवत तो सांगायचा, हे इस्रायलला गेले, हेही गेले. त्यांच्या प्रार्थनाघरात आम्ही चपला काढून शिरलो. खाली निळ्या नक्षीच्या फरशा, वर झुंबरं. गाइड म्हणाला, दहा जाणते पुरुष जमल्याशिवाय इथली सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि हल्ली कधीकधी दहा भरत नाहीत.

"मग काय करतात?" सरांनी विचारलं.

"वाट बघतात. कुणी आलं नाही तर घरी जातात."

बाहेर आल्यावर सरांनी माझं मनगट धरलं. "आपल्या गल्लीत किती राह्यले रे आता?" म्हणाले. पुढची सगळी सहल ते खिडकीशी बसून बोटांवर गल्लीतली घरं मोजत होते आणि मी त्यांची थट्टा करत होतो.

परत आल्यावर सरांनी विहारात अट घातली. दहा पुरुष जमल्याशिवाय रविवारची वंदना सुरू करायची नाही! आपल्या धम्मात असलं काही नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "नियम न्हाई रे, धाक हाय. धाक असल्याबिगर मानूस घरातून उठत न्हाई," म्हणायचे. जेवत्या माणसाला ताटावरून उठवून आणायचे. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून मी चिडवायचो, ते हसायचे नाहीत. सकाळी फिरायला जायचे ते कुणाच्या दाराला नवं कुलूप दिसतंय का, हे बघायला. म्हातारपणी मुलाने पुण्याला बोलावलं तर गेले नाहीत, कारण ते गेले असते तर नऊ उरले असते. तोवर माझी पोरंही गेली होती आणि माझी थट्टा आपोआप थांबली होती.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मांडव भरला. पाहुणे गाड्यांतून आले आणि गेले. पुढच्या रविवारी विहाराची पायरी चढलो. आत जाऊन मोजलं... नऊ. कुणी सुरुवात करेना. सगळे दाराकडे बघत बसले. आता एकजण उठेल, मग दुसरा, आणि गल्ली संपेल, असं वाटून मी पुन्हा मोजलं.

पुढच्या रांगेतून वहिनी वळल्या. "कुनाची वाट बगायलाव?"

"वहिनी, दहा न्हाईत," मी म्हणालो.

"मग आमी काय भिताडं हाव का? इतकी वर्सं म्होरं बसतो, तुमच्यापरीस मोठ्यानं म्हनतो. सरांना किती डाव सांगितलं, आमाला बी धरा. तर म्हने, तिथं पुरुषच मोजतेत." त्या माझ्याकडे वळल्या. "मोज आता."

कोचीनचा नियम आम्ही जसाच्या तसा उचलून आणला होता. ज्यांच्या जोरावर वंदना होत होती, त्या बाया आमच्या मोजणीत कधी आल्याच नाहीत. सर जन्मभर उगाच भ्याले, या विचाराने मला रडू आलं. मी एकेकीला मोजत गेलो. वीस भरलो.

वहिनींनी त्रिसरण सुरू केलं. मीही म्हणू लागलो, पण डोळे मिटेनात. वीसजणांत सगळ्यात तरुण मीच होतो, आणि मला सत्तर पूर्ण झाली आहेत.