इगतपुरीच्या टेकडीवरचा लाल पंखांचा नाकतोडा

सर, ताईच्या फोटोखालची तुमची कमेंट काढून टाका.

‘माझी लाडकी विद्यार्थिनी’ म्हणे.

मित्रमैत्रिणींनो, माझी थोरली बहीण कुंदाताई आज पहाटे गेली. हे सर तिचे पीएचडीचे गाईड. पुढचं मी सांगते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वडील रेल्वेत, क्वार्टर इगतपुरीला. ताई नाशिकला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पीएचडीचा विषय, नाकतोडे आणि रातकिडे.

रविवारी साडी खोचून, हातात जाळी घेऊन निघायची. आई म्हणायची, “लोकांच्या पोरी भरतकाम करतात, आमची किडे धरते.”

लासलगावकडच्या कोरड्या माळावर एक मातकट नाकतोडा असायचा. उडाला की आतले पंख लाल दिसायचे. त्याला उघडी, तापलेली जमीन लागते. इगतपुरीच्या ओलीत त्याचं काही काम नव्हतं.

तो तिला आमच्या टेकडीवर सापडला.

पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षी तर जास्तच.

सर मुद्दाम बघायला आले. स्वतःच्या हाताने धरला त्यांनी.

“अगं कुंदा, हा इथे कसा?”

“सर, हवा बदलतेय. पाऊस गेला की इथली जमीन आता लवकर वाळते. आपल्या आधी ते किड्यांना कळतं.”

त्या दिवशी सर आमच्याकडे जेवले. आईला म्हणाले, “पोरगी नाव काढणार तुमची.”

मग सेमिनार. मी शेवटच्या रांगेत बसले होते.

ताईचं बोलून झालं आणि बाहेरून आलेले एक बडे पाहुणे हसले. “लासलगावचा नाकतोडा इगतपुरीला? कांद्याच्या वॅगनमधून आला असेल!”

सगळा हॉल हसला.

ताईने सरांकडे पाहिलं.

सर उठले. “मी काही पाहिलेलं नाही. बाईंनी नमुन्यांच्या लेबलांची अदलाबदल केली असावी. ह्यांच्याकडून अशा चुका होतात.”

ह्यांच्याकडून.

त्या एका शब्दाचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पीएचडी तिथेच सुटली. कॉलेज सोडून ताई शाळेत शिकवायला लागली.

ऐंशीचं दशक सरताना एका शोधनिबंधात तोच नाकतोडा, तीच टेकडी छापून आली. सरांच्या नावाने.

ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेली.

“सर, तुम्ही तर काही पाहिलंच नव्हतं ना?”

“तेव्हा दिवस वेगळे होते, कुंदा. बस, चहा घे.”

आम्ही चहा न घेता निघालो.

गेल्या दिवाळीनंतर तिला टेकडीवर नेलं. पाऊल टाकलं की ते मातकट नाकतोडे भुर्रकन उडत होते.

मी म्हटलं, “बघ ताई. तूच बरोबर होतीस.”

ती खाली बसली. बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली.

“इथल्या ओल्या गवतात एक रातकिडा भर दुपारी गायचा गं. बारीक आवाज होता त्याचा. तो गेला.”

आणि रडली.

इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

ताई, नीट जा.

जयभीम.