वरातीत नाचणारी घोडी

आमची घोडी वरातीत नाचते, अशी उमरखेडपासून ढाणकीपर्यंत ख्याती होती. बँड वाजला की मागचा उजवा पाय झटक्याने पोटाला लागेल एवढा उचलायची आणि खाली आपटायची. लोक शिट्ट्या मारायचे. थोरला भाऊ मिशीतल्या मिशीत हसायचा.

मला मात्र हा हिशेब जुळत नव्हता. बँड नसतानाही झटका यायचा. गोठ्यात मागे सरकवताना यायचा, वळवताना यायचा, थंडीत जास्त यायचा. खूर कुठवर जातो त्याच्या खुणा खडूने भिंतीवर करू लागलो. खुणा वर वर सरकत चालल्या होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला चालवून, वळवून पाहिलं. पाय वर ओढणारा एक स्नायू तिच्या ताब्यात राहिलेला नाही, म्हणाले. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कापून स्नायूचा तुकडा काढावा लागेल. गुण येईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

भाऊ भडकला. चांगली नाचणारी घोडी लंगडी करून आणशील, लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, "तुले तिचं नाचणं काहून खुपून राह्यलं बे?"

"गोठ्यात कोण बँड वाजवते, भाऊ? तिथं कोणासाठी नाचते ते?"

मी परवानगी मागितलीच नव्हती.

गुंगीचं इंजेक्शन देऊन, पाय बधिर करून, घोडी उभी असतानाच शस्त्रक्रिया झाली. लगाम मी धरला होता. पायाच्या मधल्या सांध्याच्या खाली एक काप, वर एक. खाली तोडलेली कंडरा वरच्या कापातून ओढून काढली, सोबत चार बोटं स्नायू. जखमा भरल्यावर ती चालू लागली. थंडीत पाय अजून किंचित जास्त उचलते, पण पोटापर्यंत नाही. लंगडत तर मुळीच नाही.

लग्नसराईत ढाणकीहून एका नवरदेवाचे मामा घोडी ठरवायला आले. त्यांनी मोबाइलवर गाणं लावलं. घोडी कडबा खात राहिली.

"हे तं नाचतच नाही," मामा म्हणाले. भाऊ माझ्याकडे पाहू लागला.

"नाही नाचत, मामा. नवरदेवाले नीट नेते. नाचाले तुमच्याकडची माणसं असतीनच."

मामा दुसरी घोडी पाहायला निघून गेले. भाऊ त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. न बोलो. नाचणारी म्हणून ही घोडी आता कोणालाही मिळणार नाही.