आण्णाप्पांनी दाखवलेला हेरांचा सिनेमा

आमच्या वडगावात कापडाच्या मागांचा खडखडाट इतका, की माणसं वरडूनच बोलत्यात. त्यात माझ्या शेजारचे आण्णाप्पा, म्हंजे आमचे आप्पा, तेवढे हळू बोलणारे. दिल्लीकडं कुठल्याशा ऑफिसात कारकून हाईत, असं आम्ही समजत होतो. रिटायर होऊन आले तवा कळलं, हेरखात्यात होते. कळलं ते तेवढंच. पुढं काय विचारलं की म्हणायचे, "शपथ घेतलीया, नीलम." आता ह्यावर माणसानं काय बोलायचं?

त्यांची बायको मालुआक्का मात्र एका गोष्टीपायी त्यांच्यावर डूख धरून होती. सासू वारली तवा हे मातीला आले न्हाईत. समदं पुतण्यानं केलं.

परवा हेरांचा सिनेमा लागला आणि आप्पांनी आपणहून आमची तिकिटं काढली. मला म्हणाले, "मला तोंडानं सांगता येत न्हाय. पडद्यावर बघून तरी हिला कळंल."

आणि बघायला काय मिळालं? पन्नास माणसं आडवी केली तरी मेल्या हिरोचा भांग मोडला न्हाय. हेर म्हणं, आणि अख्खं शहर त्याला ओळखतंय. शत्रूच्या पोरीसंगं बर्फात नाच, आणि वाटलं तवा हेलिकॉप्टर हजर. माझं तर डोस्कं उठलं. आप्पा मान खाली घालून बसलेले. लई वाईट वाटलं मला त्यांचं.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो. मालुआक्का रसाला हात लावंना.

"त्याला हेलिकॉप्टर मिळतंय," ती म्हणाली, "आणि तुमास्नी आईच्या मातीला यायला एक गाडी मिळाली न्हाय? आला ते किती म्हैन्यांनी, आणि आल्यावर बी मिशी ठेवली. भावकीतल्या पोरांनी मिशा काढल्या आणि पोटच्या पोरानं न्हाय."

आप्पांनी हातातला गिलास खाली ठेवला. मग म्हणाले, "एवढंच सांगतो. मला लगेच कळलंतं. पण मी होतो तिथं माझं नावच दुसरं, आणि दाखवायला एक दुकान. आई ल्हानपणीच गेली, असं समद्यांस्नी सांगितलंतं. मिशी काढली असती तर विचारलं असतं, कोण गेलं म्हणून. रोज दुकान उघडलं, गिऱ्हाइकासंगं हसलो. रडलो बी न्हाय."

आणि तिथंच, गाड्यावर, त्यांना रडू फुटलं. माणसं वळून बघाय लागली तसं ते रुमालानं तोंड झाकाय लागले. मालुआक्कानं त्यांचा हात धरून खाली घेतला.

"रडा," ती म्हणाली. "हितं समद्यांस्नी ठावं हाय, तुमची आई कोण व्हती."